सर्वांत वाईट खुर्ची

३ जानेवारी

चार माणसांच्या फिरत्या नाट्यमंडळीच्या संस्थापिका, दिग्दर्शिका, भिंतीच्या नाटकातील आई, आणि माझी पत्नी — तुला उद्देशून लिहीत आहे. एवढा लांबलचक मायना पाहून तू हसली असतीस. हसावे. पत्र मायन्याने सुरू व्हावे, हे मी तुला लग्नाआधीपासून सांगत आलो, आणि तुझे प्रत्येक पत्र ‘अरे ऐक’ने सुरू झाले.

तू गेल्यानंतर आज प्रथमच तालमीच्या खोलीचे दार उघडले. छापखान्याच्या बाजूचा लोखंडी जिना, शाईचा वास, खोलीच्या मध्यभागी उभा असलेला तो बिडाचा खांब, पाण्याचे पिंप, तुझे स्टूल — सर्व जागच्या जागी. आणि फरशीवर तुझी खडूची रेषा. खिडकीकडून तिरकी निघालेली, मध्ये स्टुलाच्या जागेचा चौकोन, तिथून दरवाज्यापर्यंत.

तालीम संपली की रेषा ओल्या फडक्याने पुसायची, हा मंडळीचा नियम. शेवटच्या तालमीला मात्र तू खोकत खोकत म्हणालीस, “आज पुसू नका. उद्या बघू.” दुसऱ्या दिवशी तू रुग्णालयात होतीस.

पुसू नका — ही तुझी शेवटची सूचना. ती पाळली जाईल. मी रेषेभोवती दोरी बांधली आहे.

५ जानेवारी

छापखान्याचे मालक वर आले. खोली त्यांची आहे. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

“सर, बाई होत्या तोवर मी तोंड उघडलं नाही. आता बांधणीचं नवं यंत्र येतंय. महिनाअखेर खोली मोकळी करून द्या.”

“खोली मोकळी होणार नाही.”

“पण इथं आता कुणी येतही नाही हो.”

“येतील.”

ते दोरीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “ही कशाला बांधलीय? गुरं बांधायचीत का?”

ज्याला एवढी वर्षे डोक्यावर संवाद ऐकूनही नाटक म्हणजे काय ते कळले नाही, त्याला दोरीचे प्रयोजन काय सांगावे? त्यांनी यंत्र आणावे, जिन्यावर ठेवावे, छपरावर ठेवावे. मी इथून हलणार नाही.

८ जानेवारी

मंडळी जमली. मंडळी म्हणजे आता तिघे आणि मी. खर्ज — ज्याच्या आवाजाने खिडकीची तावदाने थरथरतात, आणि ज्याचे खरे नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावे लागते. पोस्टमन — निवृत्त होईपर्यंत खरोखरीच टपाल वाटत होता, आता आपली गाडीही तोच चालवतो. आणि तुझी धाकटी बहीण. कपडे शिवणारी, पडेल ती भूमिका करणारी, आणि मला न घाबरणारी.

धुलाईच्या कारखान्यातील जेवणघराचा प्रयोग तू गेल्या महिन्यात कबूल केला होतास. खर्ज म्हणाला, “तो करायचा. शब्द दिलाय.” मी म्हणालो, अवश्य करायचा. भिंतीचे नाटकच करायचे. आईची भूमिका धाकटी करील.

“करीन,” धाकटी म्हणाली. “पण ताईसारखी करणार नाही. आधीच सांगून ठेवते, भावोजी.”

“तशीच करायची. ती बसे तिथेच बसायचे, थांबे तिथेच थांबायचे. ही रेषा आहे. हिच्यावरच तालीम होईल.”

पोस्टमनने पाय उचलून दोरी ओलांडली, आत उभा राहिला आणि विचारले, “सर, ही दोरी नाटकातली की व्यवस्थापनातली?”

“व्यवस्थापनातली.”

“मग बरं. मला वाटलं, संवाद आहे की काय हिला.”

ते हसले. मी हसलो नाही. तालीम मात्र झाली.

९ जानेवारी

नाट्यसंघाचे चिटणीस भेटून गेले. शोकसभा घ्यायची म्हणतात. फलकावरचा मजकूरही तयार — ‘एका पर्वाची अखेर’. मी सांगितले, पर्व संपलेले नाही, बावीस तारखेला प्रयोग आहे, सभेसाठी जमणार असाल तर तिथेच या आणि मागच्या रांगेत बसा. त्यांना राग आला. येऊ दे.

१२ जानेवारी

मंडळीचा इतिहास कोणी तरी नीट लिहून ठेवला पाहिजे. चिटणिसांसारख्यांवर सोपवला तर घोळ घालतील. म्हणून थोडक्यात, पण अचूक.

तू एका मोठ्या नाटक कंपनीत होतीस. तिच्याकडे ट्रकभर पडदे — राजवाडा, अरण्य, न्यायालय. आमच्या महाविद्यालयाचे सभागृह बुटके. अरण्याचा पडदा मावेना, तेव्हा तो खालून दुमडला. बुंधे गुंडाळले गेले आणि झाडे जमिनीतून थेट शेंड्यांनिशी उगवली. नायक शत्रूपासून लपला तो शेंड्यामागे, गुडघे दुमडून. ऐन दुःखाच्या प्रवेशाला सगळे सभागृह खो खो हसत होते. मी तर्कशास्त्राचा अधिव्याख्याता, आयोजनाची जबाबदारी माझ्यावर. मी हसलो नाही. मला वाटले, असेच असते.

प्रयोगानंतर पडद्यामागून तुझा आवाज आला. “हा पडदा इथं बसत नाही, तर तो इथं आणला कशाला?” कंपनीचे मालक म्हणाले, “पडदा बदलत नसतो, सभागृह बदलायचं.” तू तिथल्या तिथे कंपनी सोडलीस. ट्रकमधली तुझी पेटी उतरवून घ्यायला दुसरा माणूस नव्हता, म्हणून मी धावलो. विवाहाचा उगम एवढाच आहे. धाकटी सांगते ती कहाणी अतिरंजित आहे.

आपला पहिला प्रयोग दवाखान्याच्या प्रतीक्षालयात झाला. पडदा नाही, दिवे नाहीत, बाके दवाखान्याचीच. खांबामागे एक म्हातारी बसली होती. मध्येच उठली, पिशवी उचलली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ऐकू येतंय, दिसत काही नाही. रेडिओ घरी आहे माझ्याकडे.” आणि चालू लागली.

तू संवाद अर्धा टाकून तिच्यामागे जिन्यापर्यंत गेलीस. तिला परत आणलेस. तिच्या जागेवर तिला न बसवता स्वतः बसलीस आणि तिथून खर्जाला म्हणालीस, “अरे, तू खरंच दिसत नाहीस की.”

मंडळीची कला तिथून सुरू होते. नव्या ठिकाणी गेलो की प्रथम चपला काढायच्या आणि जागा चालून पाहायची. कोणी टाळी वाजवायची, बाकीच्यांनी ती कुठे विरते ते ऐकायचे. मग तू एकेका खुर्चीत बसून पाहत जायचीस, सर्वांत वाईट खुर्ची सापडेपर्यंत. जिथून खांब आडवा येतो, दार वाजते, स्वयंपाकघराचा धूर येतो, ती. तिथे बसून तू खडू मागायचीस. नाटक त्या खुर्चीसाठी मांडले जाई. “चांगल्या खुर्चीतला माणूस कसंही बघून घेतो,” तू म्हणायचीस. “वाईट खुर्चीतल्याला आपण बोलावलं कशाला, याचं उत्तर आपल्याकडे पाहिजे.”

एका समीक्षकाने या पद्धतीला ‘खांबांची रंगभूमी’ म्हटले होते. तू ते कात्रण गाडीच्या काचेला आतून चिकटवलेस. अजून आहे.

आणि भिंतीचे नाटक. दोन भाऊ बापाचे घर वाटून घेतात. भिंत, म्हणजे खडूची रेषा, जिथून जायची नेमकी तिथे आई बसलेली, आणि ती उठायला तयार नाही. एवढेच कथानक. त्या आईवर आपण उभा जन्म काढला.

१४ जानेवारी

धाकटी स्टुलावर पाय दुमडून बसते. तू कधी बसली नाहीस. सांगितले. “माझे गुडघे वेगळे आहेत,” म्हणाली.

१६ जानेवारी

आज अनर्थ थोडक्यात टळला. छापखान्यातील झाडलोट करणाऱ्या बाईंनी सद्भावनेने वरची खोलीही पुसली. दोरीच्या आत त्या गेल्या नाहीत, पण पाणी गेले. खिडकीकडचे टोक फिकट झाले आहे.

बाजारातून पांढऱ्या तैलरंगाचा डबा आणि बारीक कुंचला आणला. दुपारभर गुडघ्यांवर बसून रेषेवरून रेषा ओढली. स्टुलाचा चौकोनही रंगवला. कुठेही रेषेबाहेर गेलो नाही. आता पाणी काय, पूर आला तरी चालेल. पुसून दाखवावे कोणी!

१७ जानेवारी

धाकटी आली, दारातच थांबली.

“भावोजी, हे काय केलंत?”

“संरक्षण.”

“ताईनं पाहिलं असतं तर —”

“तर तिने कौतुक केले असते.”

“तिनं तुम्हालाच त्या चौकोनात बसवून रंग दिला असता. दोन हात.”

मंडळीत शिस्त राहिलेली नाही. तू होतीस तेव्हाही नव्हती, पण तेव्हा ती नसण्याला काही अर्थ होता.

२१ जानेवारी

उद्या प्रयोग. आज जेवणघर पाहून आलो. लांबट दालन, चार खांब, एका टोकाला वाढण्याचा ओटा, ताटांची मांडणी, शेजारून यंत्रांची घरघर आणि साबणाच्या वाफेचा ओलसर वास. खर्ज आणि पोस्टमन चपला काढू लागले. मी म्हणालो, गरज नाही. खोलीतील रेषेची मापे मी फितीने घेतली होती. त्याच मापांनी इथे रेषा आखली. कोन तपासून घेतला. एक बोटही फरक नाही.

“सर, आई खांबामागं जातेय,” पोस्टमन म्हणाला.

मी म्हणालो, रेषा जिथे आहे तिथे आहे.

“ही तर पडद्याची गोष्ट झाली,” धाकटी हळूच म्हणाली. मी ऐकले नाही असे दाखवले.

२२ जानेवारी

पाळी सुटल्यावर प्रयोग झाला. कामगार अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी आले. जेवणघर भरले. नाट्यसंघाचे चिटणीस आले नाहीत.

जे घडले ते जसेच्या तसे लिहितो.

भाऊ भिंतीच्या गोष्टी करत होते. आईने बोलायचे नसते, नुसते बसायचे असते, तो प्रवेश. मागून, ताटांच्या मांडणीजवळच्या खुर्चीतून, एका बाईंचा आवाज आला. त्या ओरडल्या नाहीत. शेजारणीला विचारावे तसे विचारले.

“अगं, आई कुठंय?”

“खांबामागं आहे वाटतं.”

“मला दिसत नाहीये.”

काही जण हसले. मला हसू आले नाही. मी दाराशी उभा होतो, हातात मापाची फीत. ते तीन शब्द ऐकून मी तिची गुंडाळी घट्ट धरली.

धाकटी उठली. नाटकात आई शेवटपर्यंत उठत नाही! तिने स्टूल उचलले, खांबाला वळसा घातला, ओटा आणि खांब यांच्यामधल्या फटीत ते ठेवले, त्या बाईंकडे तोंड करून बसली. पाय दुमडून.

“आता दिसते का?”

“दिसताय,” बाई म्हणाल्या. “चालू द्या.”

दोघे भाऊ रेषेवर उभे, आणि आई रेषेबाहेर. मग खर्ज आपल्या त्या आवाजात, संहितेत नसलेले वाक्य बोलला. “आई बसेल तिथून भिंत जायची. चल, धर टोक.” आणि दोघांनी नसलेली भिंत दोन्ही टोकांनी उचलली आणि जेवणघराच्या मधून, खुर्च्यांतून वाट काढत, लोकांना पाय आवरायला लावत, आईपर्यंत ओढत नेली. लोक वाकून त्यांना वाट देत होते, जणू भिंत खरीच होती.

माझी रेषा मोकळी पडली होती. जाता येता सगळे तिच्यावर पाय देत होते.

नाटक मोडले.

२३ जानेवारी

टाळ्या बराच वेळ पडत होत्या. टाळ्या हा पुरावा नव्हे.

धाकटीला निरोप पाठवला आहे की व्यवस्थापक म्हणून मला तिच्याशी बोलायचे आहे.

२५ जानेवारी

धाकटी आली. हातात स्टूल. गाडीतून काढून वर आणले होते. मी जे बोलायचे ठरवले होते ते क्रमाने बोललो — परंपरा, शिस्त, दिवंगत व्यक्तीचा शब्द. तिने सर्व ऐकून घेतले. मग स्टूल बरोबर त्या रंगवलेल्या चौकोनात ठेवले.

“झालं तुमचं? आता मला एक सांगा. तालमीत आपण कुठली रेषा काढतो?”

“पुढच्या प्रयोगाच्या जागेची.”

“पुढचा प्रयोग कुठं होता?”

“जेवणघरात.”

“मग ही रेषा जेवणघराची आहे? तुम्ही पाहिलंत ना तिथं, आई खांबामागं गेली. जेवणघर पाहून आलेली ताई अशी रेषा काढेल?”

तर्कशास्त्र मी शिकवले आहे. प्रश्न रास्त होता.

“त्या दिवशी मी विचारलं तिला,” धाकटी म्हणाली. “म्हटलं, ही कुठली? म्हणाली, आज इथलीच काढते. इथं कधी काढलीच नाही.” ती जिन्याकडे वळली. “या खोलीतली सगळ्यात वाईट खुर्ची कुणाची, भावोजी? बसून बघा एकदा. आणि नाही पटलं तर मला काढून टाका मंडळीतून.”

ती गेली. मी तिचे विधान खोडून काढण्यासाठीच माझ्या खुर्चीत बसलो. तू गेल्यापासून बसलो नव्हतो. दोरीपाशीच उभा राहत असे. माझी खुर्ची खांबामागे, पाण्याच्या पिंपाला लागून. वर्षानुवर्षे तिथे बसून मी मंडळीचा पत्रव्यवहार केला. तिथून तालीम ऐकू येते. मला तेवढे पुरत असे.

बसलो. खांब खोलीचे दोन भाग करतो, नेहमीसारखा. डावीकडचे काही दिसत नाही, उजवीकडे पिंप. आणि खांब व पिंप यांच्यामध्ये, हातभर रुंदीच्या फटीत, तुझे स्टूल. पूर्ण. चारही पाय. रेषा खांबाच्या आडून बाहेर येऊन नेमकी या फटीतून जाते. स्टुलावर बसणाऱ्याचे तोंड, चौकोनाचा रोख पाहता, या खुर्चीकडे.

मला ती तालीम आठवली. त्या दिवशी मी कागदांतून मान वर केली होती, आणि मग तालीम संपेपर्यंत खाली घातली नव्हती. तू दिसत होतीस. मला वाटले होते, योगायोग आहे.

बराच वेळ बसलो. खाली यंत्रे चालू होती.

२६ जानेवारी

आज पुसू नका. उद्या बघू.

मी अर्धेच वाक्य पाळले. वाक्य अर्धे तोडून उद्धृत करू नये, हे प्रत्येक वर्षी पहिल्याच तासाला मुलांना सांगत असे.

२८ जानेवारी

खाली जाऊन मालकांना विचारले, टर्पेंटाइन आहे का. शाई काढायला त्यांच्याकडे असतेच.

“कशाला?”

“वर फरशीवर रंग आहे.”

“तुम्हीच लावलात ना?”

“मीच लावला. मीच काढीन.”

त्यांनी डबा दिला, चिंध्या दिल्या, वर पातेही दिले. मग चाचरत म्हणाले, “म्हणजे खोली सोडताय, सर?” चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद आणि मला वाईट वाटेल याची भीती, दोन्ही एकदम. त्यांना वाटते, त्यांनी मला हलवले. हा गैरसमज दूर करणे मला आवश्यक वाटत नाही. चार भिंतींची गरज असलेली मंडळी दुसरी. आपली कधीच नव्हती.

२९ जानेवारी

मंडळी जमली, पिंपाभोवती, उभ्यानेच. पुढचा प्रयोग बस आगारातील चालकांच्या विश्रांतिगृहात. तालीमही तिथेच करायची, त्यांनी परवानगी दिली आहे. धाकटीला मी सांगितले की आईने पाय दुमडून बसायला माझी हरकत नाही.

“हरकत घेऊन तरी काय केलं असतंत?” ती म्हणाली. पण चहा तिनेच ओतला, पहिला मला.

वाईट खुर्ची आता कोणी शोधायची, हा प्रश्न निघाला. ते काम तुझे होते. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग खर्ज गंभीरपणे म्हणाला, “सरांनी. वाईट खुर्चीचा एवढा अनुभव दुसऱ्या कुणाला आहे?”

पोस्टमनने चहा नाकातून काढला. मी हा प्रस्ताव स्वीकारला. मात्र स्पष्ट केले की मी काम माझ्या पद्धतीने करीन — चपला काढीन, पण टाळी वाजवणार नाही. टाळी खर्जाने वाजवावी.

चिटणिसांना निरोप पाठवला : शोकसभा घेऊ नये. घेतल्यास आम्ही तिथे येऊन प्रयोग करू.

३१ जानेवारी

दोरी सोडली. रेषा पात्याने खरवडली, टर्पेंटाइनने पुसली, नंतर ओल्या फडक्याने, नियमाप्रमाणे. स्टूल गाडीत. खुर्चीही घेतली. दाराला कुलूप लावले. किल्ल्या मालकांना परत केल्या. तुझा खडू दिला नाही.